चढासकट सत्त्याण्णव

आमच्या वहिनीला एका शब्दाचा राग आहे. शिवी वगैरे नाही हो, साधा शब्द: 'पर्यंत'. कुणी म्हटलं 'येतो आठपर्यंत', की ती विचारते, "आठला येणार, की येणारच नाही?" ती शाळेची व्हॅन चालवते आणि मिनिटांत बोलते. टेकडीवर सात चौदा, पाण्याच्या टाकीपाशी सात एकोणीस, शाळेच्या फाटकात सात बावन्न. पोरांचे आईबाप तिला मागे मिनिटबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप आहे?

मी तिची नणंद. मागे बसून पोरं सांभाळते, भांडणं सोडवते, सांडलेलं पाणी पुसते. व्हॅन आधी माझा भाऊ चालवायचा. त्याची नजर अधू झाली, वाचायला भिंग लागायला लागलं, तेव्हा चाळिशीला टेकलेली वहिनी मैदानात जाऊन गाडी शिकली. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" असं मीच तेव्हा म्हणाले होते. आता तिच्याच गाडीवर पोट भरते, म्हणजे बघा.

मग पेट्रोल चढलं. आधीही चढायचं, पण थोडंफार उतरायचं तरी. या वेळी कपाटावर बसलेल्या मांजरासारखं वरच बसलं. वहिनीने आईबापांना बोलावलं आणि भाडं वाढवावं लागेल म्हणून सांगितलं. बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "त्यापेक्षा टेकडीवरची चार पोरं सोडून द्या ना. चढावर किती पेट्रोल जातं! आमच्या भाड्यात तुम्ही त्यांना फिरवता."

त्या चारांतल्या दोघांची आई शिवणकाम करते. ती तिथेच बसली होती. बिचारी खाली मान घालून पदराचा काठ चाचपत राहिली. टेकडीवरून शाळेला चालत यायचं तर ट्रकच्या रस्त्याने यावं लागतं, हे काय त्या गृहस्थांना माहीत नव्हतं? माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला!

वहिनी एवढंच म्हणाली, "टेकडी सुटणार नाही. महिनाभर थांबा, मी काहीतरी करते."

आता उपाय शोधायचा म्हणजे आधीचा अनुभव आडवा. दोन वर्षांपूर्वी तिने गॅसचं किट बसवलं होतं. "निम्म्यापर्यंत खर्च वाचेल," असं मेकॅनिक म्हणाला होता. वाचलं काय, तर आगीतून उठून फुफाट्यात पडलो. गॅससाठी दीड तास रांग, आणि चढावर गाडी धापा टाकायची. एक दिवस बंदच पडली. पोरांचे हात धरून आम्ही दोघी चालत शाळेत पोचलो, तेव्हा आठ बत्तीस झाले होते. चाळीस मिनिटं उशीर! वहिनीने त्या दिवशी जेवण केलं नाही. 'पर्यंत'वरचा राग तेव्हापासूनचा.

त्यामुळे बॅटरीच्या व्हॅनचं पत्रक मी घरी आणलं तेव्हा भीतभीतच आणलं. "वहिनी, बघ तरी! एका चार्जमध्ये एकशे ऐंशी किलोमीटर. घरी रात्री लावायची, सकाळी काढायची. पेट्रोल गेलं खड्ड्यात!"

तिने दादाचं भिंग घेतलं आणि ते पत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. मग भिंग एका जागी धरून मला म्हणाली, "ताई, इकडे या." एकशे ऐंशीच्या पुढे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'पर्यंत'.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वहिनी उठली, चपला घातल्या आणि शोरूम गाठलं.

शोरूममधला विक्रेता गोड बोलणारा होता. केस चापूनचोपून बसवलेले, शर्टाला कडक इस्त्री. वहिनीने पत्रकावर बोट ठेवलं. "पर्यंत म्हणजे काय हो?"

"म्हणजे जास्तीत जास्त, मॅडम."

"आणि कमीत कमी?"

"ते वापरावर अवलंबून असतं."

"मग माझा वापर बघा. रविवारी गाडी द्या. बॅटरी भरलेली पाहिजे, आणि शेजारच्या सीटवर तुम्ही पाहिजेत."

त्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरला गिऱ्हाईक हवं होतं. तो हसत म्हणाला, "अवश्य, अवश्य!"

रविवारी वहिनीने पोरांऐवजी त्यांच्या सहा पालकांना गाडीत बसवलं. पोरांचं आणि दप्तरांचं जेवढं वजन होतं तेवढंच, हिशोब पक्का. बँकवाले होते, शिवणकामवाली होती. बँकवाले म्हणाले, "आम्ही कशाला?" वहिनी म्हणाली, "तुमची पोरं ज्यात बसणार, त्यात तुम्ही आधी बसा." बँकवाले चढून बसले.

शोरूमपासून निघालो ते दुपारच्या फेरीच्या क्रमाने, म्हणून टेकडी फेरीच्या शेवटी येत होती. रोजचा सगळा रस्ता, रोजचे सगळे थांबे. थांब्यावर ती दार उघडायला लावायची, मिनिटभर थांबायची, मग पुढे. एक फेरी चौतीस किलोमीटरची. रोज सकाळ-दुपार मिळून दोन होतात, म्हणजे अडुसष्ट. पहिली फेरी मजेत गेली. आवाज नाही, धूर नाही. दुसऱ्या फेरीतही गाडी टेकडी हसत चढली. विक्रेत्याची छाती फुगली. "बघितलंत, मॅडम?"

"अजून बघायचंय," वहिनी म्हणाली आणि तिसऱ्या फेरीला वळली.

नव्वदच्या पुढे स्टिअरिंगमागच्या पडद्यावर कासवाचं चित्र उगवलं, म्हणजे बॅटरी संपत आली. विक्रेता घाम पुसायला लागला. टेकडीच्या चढावर गाडीने मान टाकली. आकडा होता सत्त्याण्णव.

"भरली गाडी, वर चढ, मॅडम! असं कोण चालवतं?" तो म्हणाला.

"मी चालवते! पोरं काय हवेतून नेऊ? टेकडी काय सपाट करू?" वहिनीचा आवाज चढला. "तुमची एकशे ऐंशी कुठे चालतात? रिकाम्या गाडीने, उतारावर, मागून वारा असताना? उतरा आणि ढकला."

आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी कडेच्या सपाट जागेवर घेतली. विक्रेत्याच्या शर्टाची इस्त्री गेली. बँकवाले धापा टाकत म्हणाले, "मी म्हटलंच होतं, सगळी थापेबाजी. सोडा टेकडी."

गाडी ओढून नेईपर्यंत शिवणकामवाली माझ्याजवळ उभी होती. हळूच म्हणाली, "ताई, म्हणजे आता आमची पोरं..." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

शोरूममध्ये मॅनेजरने सूट द्यायची भाषा सुरू केली. वहिनीने त्याला मध्येच थांबवलं. "गाडी घेते मी."

बँकवाल्यांच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

"मला अडुसष्ट लागतात," ती म्हणाली. "ही सत्त्याण्णव देते, तीही चढासकट. मला पुरून उरतात! पेट्रोलचे वाचतील त्यात गाडीचा हप्ता जाईल. टेकडी राहिली आणि भाडंही आहे तेवढंच राहिलं. फक्त बिलावर लिहा: भरल्या गाडीने, चढासकट, सत्त्याण्णव. 'पर्यंत' नको."

"असं लिहायची परवानगी नाही, मॅडम."

"मग एकशे ऐंशी लिहायची परवानगी कुणी दिली?"

मॅनेजर पेनाशी खेळत बसला. लिहिलं नाही ते नाहीच. वहिनीने वाद घातला नाही, आणि मला तेव्हाच संशय आला. ती वाद घालत नाही तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी शिजत असतं.

गाडी घरी आली त्याच संध्याकाळी तिने पेंटर बोलावला. मागच्या काचेखाली हातभर अक्षरांत रंगवून घेतलं: 'भरल्या गाडीने, चढासकट: ९७ कि.मी.' दादाला दाखवलं. त्याला भिंगाशिवाय वाचता आलं! तो लहान मुलासारखा हसला.

रोजचा रस्ता शोरूमवरूनच जातो. तिथल्या मोठ्या पाटीवर एकशे ऐंशी, आणि समोरून दिवसातून दोनदा आमची सत्त्याण्णव. पंधरा दिवसांत लोक शोरूममध्ये शिरून विचारायला लागले, "ती सत्त्याण्णववाली हीच का?" हे मला विक्रेत्यानेच सांगितलं. तो खूश होता. खरा आकडा माहीत असलेलं गिऱ्हाईक पटकन घेतं, म्हणाला.

मॅनेजर मात्र खूश नव्हता. एका सकाळी शोरूमपुढच्या सिग्नलला गाडी थांबली, तसा तो रस्त्यावर धावत आला आणि काचेवर टकटक केलं. "मॅडम, तेवढं पुसून टाका. कंपनीकडून विचारणा होतेय."

"बॅटरी म्हातारी झाली की आकडा कमी करीन. मी दर तीन महिन्यांनी मोजणार आहे," वहिनी म्हणाली. "खोटं आहे का काही?"

"खोटं नाही, पण..."

"मग तुमचं एकशे ऐंशी पुसा, मी माझं सत्त्याण्णव पुसते. आणि आता बाजूला व्हा. सात चौदाला टेकडीवर पोरं उभी असतात."