अक्काचं इष्टलिंग निन्ह बिन्हला राहिलं

रेणापुरात टँकरची वाट बघून बघून कंटाळा आला, म्हणून मी अन् माझी थोरली जाऊ, अक्का, एका टूरसंगं व्हिएतनामला निघालो. मी विधवा, मला अडवणारं कोण? अक्काला मात्र भाऊजींना आठ दिवस पटवावं लागलं. लातूरच्या एसटीत माणसं नवा जिल्हा कुठला होणार ह्यावर भांडत होती. आम्ही देशच बदलायला निघालो होतो.

हनोईत स्कूटरीच स्कूटरी. रस्ता ओलांडताना थांबायचं न्हाई, हळूहळू चालत राहायचं, त्याच वळून जातात.

“डोळे मिटू का गं?” अक्का.

“मिटा की. काही झालं तर भाऊजींना दुसरी मी बघते.”

खायला ‘आन चाय’ लिहिलेलं हॉटेल बघा, तिथं शाकाहारी मिळतं. भात, टोफू, पालेभाजी. तिखट घरून न्या.

तिथून दोन तासांवर निन्ह बिन्ह. सगळीकडं भाताची शेतं, पाण्यात उभी. बायका पायानं होडी वल्हवतात. एका म्हातारीच्या घरी मुक्काम होता. पहाटे निघायचं, तर अक्का अर्धा तास शॉवरखाली.

“अक्का, पाणी संपंल!”

“संपू दे. इथं कुठं टँकर मागवायचाय!”

पूजा हनोईत करू म्हणून तशीच गाडीत बसली. हनोईत गळ्याला हात लावला अन् पांढरीफटक पडली. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, ते कधी उतरवत न्हाईत. मोकळ्या पाण्याच्या नादात तिनं ते न्हाणीच्या खिडकीत काढून ठेवलं होतं. त्याची पूजा झाल्याबिगर ती पाण्याचा घोट घेत न्हाई. म्हातारी फोन उचलंना. टूरवाले पुढं गेले, आम्ही टॅक्सीनं माघारी.

“पाणी तरी प्या.”

“सापडल्यावर.”

“अन् न्हाई सापडलं तर?”

तिनं पाण्याची बाटली माझ्या पिशवीत परत कोंबली.

म्हातारीनं दारातूनच अक्काचा हात धरून आत नेलं. देव्हाऱ्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचा फोटो, केळी, उदबत्ती. अन् फोटोपुढं आमची डबी, वर फूल. टॅक्सीवाल्यानं मोडक्या इंग्रजीत सांगितलं, “म्हणते, गळ्यातलं म्हणजे देवच असणार. देवाला खिडकीत कसं ठेवू?”

अक्कानं तिथंच विभूती लावली, पूजा केली, अन् देव्हाऱ्यावरची दोन केळी खाल्ली.

घरी आल्यावर शेजारणी म्हणल्या, परक्याच्या घरी, मेलेल्यापाशी राहिलं, शुद्धी करा. अक्का म्हणली, “मी न्हाणीत टाकून आले, तिनं फूल वाहिलं. शुद्धी कुणाची करू?”

बाकी व्हिएतनाम फोनमधल्या फोटोंत हाय, कुणी उघडत न्हाई. पण अक्का दर सोमवारी एक उदबत्ती जास्तीची लावती, त्या म्हातारीच्या नवऱ्याच्या नावानं. नाव ठाऊक न्हाई.

“भाऊजींना सांगितलं का, परक्या माणसाला उदबत्ती चालू हाय म्हणून?”

“गप बस. त्यांना वाटतंय, डास लई झालेत.”