सहाव्या मैलाची नवरी

कामरगावच्या पुंजाजीची तीन लग्नं माणसांशी झाली आणि एक झाडाशी. झाडाशी झालं ते भर रस्त्यात, वाशीमहून रिसोडकडे जाताना सहाव्या मैलाच्या दगडाजवळ. नवरी होती रुई. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. त्या दिवशी गाडीतलं सगळं वऱ्हाड पोट धरून हसलं होतं. एकटा पुंजाजी हसला नाही. तो रडतही नसे, आणि गावाला त्याचंच जास्त नवल होतं.

पहिली बायको प्रयागबाई बाळंतपणात गेली, पोरासकट. मसणातून आल्यावर पुंजाजीनं आंघोळ केली, बैलांना कडबा टाकला आणि ओसरीवर दोर वळत बसला. बाया म्हणाल्या, माणूस आहे का दगड! दुसरी रंगूबाई मानमोडी तापाच्या साथीत तीन दिवसांत आटोपली. घरोघरी माणसं आडवी पडलेली, खांद्याला चौघं मिळेनात. पुंजाजीनं तिला आपल्याच गाडीत घालून नेलं, आणि येताना गाडी रिकामी कशाला आणायची म्हणून वाटेतला चारा भरून आणला. डोळ्यांत टिपूस नाही. थंडीत बोटं बधिर होतात तसा तो आतून बधिर झाला होता. आपल्या घरात आलेली बाई मरते, एवढं एकच त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याला पुन्हा लग्न नको होतं.

पण त्याच्या मायपुढं कोणाचं चालणार? म्हातारीनं रिसोडकडची सोजरबाई पाहून ठेवली. पोरीला आईबाप नव्हते, मामाच्या घरी वाढलेली. दोनदा उजवलेला नवरा चालतो का, हे तिला कोण विचारतो! अडचण एकच होती. तिसऱ्या लग्नाची बायको जगत नाही, अशी त्या मुलखातली समजूत. त्यावर उपायही तिथलाच. तिसरं लग्न रुईशी लावायचं आणि लगेच ती रुई उपटून टाकायची. म्हणजे तिसरी मेली, आणि खरी नवरी चौथी ठरली. तिच्या जिवाला मग धोका नाही.

हे घरीच उरकायचं, पण घराण्याचे भटजी राहायचे वाशीमला. ते तिथून रिसोडला निघालेल्या वऱ्हाडाच्या गाडीत बसले, आणि पुढं सहाव्या मैलावर रस्त्याच्या कडेला बरी टवटवीत रुई दिसल्यावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. मैलाच्या दगडावर सुपारीचा गणपती बसला. रुईला हळद लागली, काळ्या मण्यांचा दोरा बांधला गेला. भटजींनी स्वतःचं उपरणं आंतरपाट म्हणून धरलं. चुलतभाऊ जगदेव रंगवलेली ज्वारी अक्षता म्हणून फेकताना म्हणाला, "पुंजा, नवरी मोठी गरीब आहे हो, उलटून बोलनार नाई!" वऱ्हाड खो खो हसलं. पुंजाजी दोन्ही हात जोडून उभा होता. उन्हानं डोकं तापलंय, एवढंच त्याला कळत होतं.

"आता उपट तिले," माय म्हणाली.

पुंजाजीनं ओढलं. रुई कसली निघते! तिकडं रिसोडचा मुहूर्त निघून चालला होता. जगदेवनं विळा पुढं केला. पुंजाजी खाली वाकला, आणि जमिनीच्या वीतभर वर त्यानं विळा चालवला. पांढरा चीक हातावर ओघळला. फांद्या बाजूला पडल्या, माय "सुटली बापा" म्हणाली, गाडी हाकली गेली. गाडीतला झाडून प्रत्येक माणूस शेतकरी. वावरातली रुई काढता काढता प्रत्येकाची कंबर मोडलेली, आणि वरून कापलेली रुई मरत नाही हे त्यातल्या एकाच्याही तोंडून त्या घडीला निघू नये!

सोजरबाई घरात आली. कामाला वाघीण, बोलायला फटकळ. पुंजाजी तिच्याशी कामापुरतं बोले. पण ती चुलीच्या धुरानं खोकली की त्याचा घास हातातच राही. ती विहिरीवरून यायला उशीर झाला की तो दारात येऊन उभा राही. ती आली की काही न बोलता आत जाई.

पुढच्या वर्षी ती सातव्या महिन्यात होती, तेव्हा पुंजाजी आणि माय तिला पहिल्या बाळंतपणाला मामाकडे पोचवायला निघाले. सहाव्या मैलाचा दगड आला आणि म्हातारी गाडीत ताडकन उठून बसली. रुई कंबरेएवढी वाढली होती. फुलांवर आली होती. बुंध्याशी काळा दोरा अजून तसाच होता.

"अवो माय, जित्ती हाये ते!" म्हातारीनं ऊर बडवला. "पुंजा, खोद तिले! पोरीचे दिवस भरत आले अन् तिसरी जित्ती हाये!"

पुंजाजीनं बाजूच्या वावरातल्या गड्याची कुदळ मागून आणली. उचलली, आणि तो तसाच उभा राहिला.

"खोद ना! काहून थांबला?"

"मले तवाच मालूम होतं, माय," तो म्हणाला. "मुळं राह्यली हे मले मालूम होतं. मी मुद्दाम वरून कापली. दोघींले जाळलं. आपल्या हातानं तिसरीले मारनं झालं नाई मले." मग सोजरबाईकडे न बघता म्हणाला, "साल झालं, मी तुया जिवाले भेऊन राह्यलो. तुले काई झालं तं म्याच मारलं म्हनून समज."

सोजरबाई पोट सांभाळत गाडीतून उतरली. रुईजवळ गेली, दोरा बोटानं चाचपला.

"हे माही सवत होय काय?"

म्हातारीनं मान डोलावली.

"ठेवा थे कुदळ," ती म्हणाली. "तुमच्या घरातली एक तरी बाई जित्ती राहू द्या."

पुंजाजीनं कुदळ खाली ठेवली. तो मैलाच्या दगडाला टेकून बसला आणि रडला. प्रयागबाईसाठी, न पाहिलेल्या पोरासाठी, रंगूबाईसाठी आणि त्या चाऱ्यानं भरलेल्या गाडीसाठी ढसाढसा रडला. पण रडून माणूस बदलतो असं काही नाही. डोळे पुसून त्यानं कुदळ परत केली, बैल हाकले, आणि मामाच्या गावापर्यंत एक शब्द बोलला नाही.

सोजरबाईला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. पुढं आणखी दोन पोरं झाली. मामाकडं जाता-येताना ती दर खेपेला गाडी थांबवी आणि रुईला हळदकुंकू लावी. पुंजाजी तोवर बैलांना पाणी दाखवी. त्याची भीती मात्र गेली नाही. सोजरबाई खोकली की त्याचा घास थांबे, तो शेवटपर्यंत.

चोवीस वर्षांनी पुंजाजी अंथरुणाला लागला. एका दुपारी त्यानं सोजरबाईला जवळ बोलावलं.

"तू बरी हायेस नं?"

"मले काय धाड भरली?"

पुंजाजी हसला, आणि तिच्या आधी गेला.