टेलरमास्तरांची डिलिव्हरी

लिही. आधी टेलरमास्तरांचंच लिही, तुझ्या आईचं मागाहून बघू. तिच्यापासून सुरू केलं तर म्हणशील, आजीला सुनेच्या कागाळ्या सांगायच्यात.

तर टेलरमास्तर. उंच, जरा वाकलेले, गळ्यात मापाची टेप. दुकान कधीच गेलं, टेप मात्र गळ्यातच. पुलाखाली झोपायचे. पाठीवर हे एवढं मोठं गाठोडं, चादरीत बांधलेलं. खाताना मांडीवर, झोपताना उशाला. तळहाताच्या फोडासारखं जपायचे. त्यात काय आहे ते कुणाला विचारावं लागायचं नाही, तेच सांगायचे. गिऱ्हाइकांचे कपडे! डोकं बिघडलं तेव्हा शिवायला आलेले, ते तसेच राहिले. बायको माहेरी गेली, दुकानाला दुसऱ्याचं कुलूप लागलं, पण कपडे काही यांनी सोडले नाहीत. गिऱ्हाईक येईल, मागेल, आणि नाही दिले तर चोर म्हणेल. कानात त्यांच्या कुणीतरी सारखं तेच बोलायचं, चोर, चोर. आता त्या पॅन्टींचे मालक एव्हाना पोट सुटून बसले असतील, त्यांच्या मांडीवरसुद्धा चढायच्या नाहीत त्या पॅन्टी. पण हे मास्तरांना पटवणार कोण?

तुझी आई मनाच्या आजारांच्या दवाखान्यात नर्स, ते तुला ठाऊकच आहे. रस्त्यावर राहणारे हे लोक दवाखान्याची पायरी चढत नाहीत. गोळी दिली की थुंकतात, सुई बघितली की पळतात. म्हणून हिने फुटबॉल काढला, पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात, शनिवारी सकाळी. मी म्हटलं, "अगं, ज्यांच्या पोटात धड काही नाही त्यांना पळवतेस कशाला?"

तर म्हणते, "आई, ते तसेही माझ्यापासून लांब पळतातच. बॉल टाकला की निदान माझ्याकडे पळत येतात."

आणि यायचे बाई. बॉलकडे बघताना डोक्यातले आवाज जरा गप्प बसतात म्हणे. खेळ झाला की चहा, आणि चहाबरोबर बाकावरच सुई. पण तुला वाटेल सगळं गोड गोड चाललं होतं, तसं नाही हं. एक जण जरा माणसात यायला लागला की दुसरा नाहीसा व्हायचा. मग ही रात्रपाळी करून त्याला शोधत स्टेशनाच्या मागे फिरणार. घरी आली की पाय सुजलेले. मी तेल लावायला घ्यायची, तर बोलता बोलता हिची मान खाली.

मला बाकावर बसवलेलं. माझे गुडघे हे असे, मी काय गोल मारणार? माझं काम गाठोडी सांभाळायचं. रस्त्यावरच्या माणसाने सामान सोडून पाठ फिरवली की सामान गेलंच समज. मी बसले की ते निर्धास्त खेळायचे. एकटे टेलरमास्तर गाठोडं घेऊन कडेला उभे. म्हणायचे, "आजी, तुमच्यावर विश्वास आहे हो. पण माल माझा नाही ना."

एकदा काय झालं, ती नारिंगी, टोकदार टोप्यांसारखी असतात बघ, रस्ता खणताना ठेवतात तशी, त्यांची पिशवी तुझी आई बसमध्येच विसरली. झोप डोळ्यांवर, दुसरं काय. गोल कुठे मारायचा तेच कळेना. तेव्हा खेळणाऱ्यांतला ड्रायव्हर म्हणाला, "गाठोडी ठेवा की दोन बाजूला!" हा ड्रायव्हर पूर्वी ट्रक चालवायचा. तोंडाचा फाटका, मनाचा बरा. एका बाजूला त्याने आपलं गाठोडं टाकलं, आणि दुसऱ्या बाजूला मास्तरांना हाताला धरून आणलं. "मास्तर, तुमचं इथे ठेवा, आणि तुम्ही शेजारीच उभे राहा. कुठे जाऊ नका. फक्त बॉल लागू देऊ नका मालाला."

झाले की मास्तर गोलकीपर!

आणि काय सांगू तुला, डावीकडे बॉल आला रे आला की हे वाघासारखे आडवे. हाताने, पायाने, एकदा तर तोंडाने अडवला. पण उजवीकडून आला की बघत उभे. आरामात आत. उजवीकडचं गाठोडं ड्रायव्हरचं ना! सगळे हसून बेजार. ड्रायव्हर ओरडायचा, "मास्तर, शर्टाला एकच बाही लावता काय? दुसरी कोण लावणार, तुमचा काका?"

मास्तर शांत. "ते माझ्याकडे शिवायला दिलेलं नाही."

असं कितीतरी शनिवार चाललं. मग थंडी पडायला लागली आणि तुझ्या आईच्या जिवाला घोर लागला. आदल्या थंडीत पुलाखाली एक जण सकाळी उठलाच नव्हता. त्यात मास्तर खोकायला लागले, छातीतून घरघर. हिने बेघरांच्या निवाऱ्यात त्यांच्यासाठी खाट धरून ठेवली. पण तिथला नियम असा की सामान कुलपाच्या खोलीत टाकायचं, ढेकूण पसरू नयेत म्हणून. मास्तर दारापर्यंत गेले, कुलूप बघितलं आणि मागे फिरले. दोनदा नेलं, दोनदा तेच. निवाऱ्याचे साहेबसुद्धा कावलेले. म्हणाले, "बाई, एकाला सूट दिली की उद्या सगळेच आपलं बिऱ्हाड घेऊन येतील." त्यांचंही खोटं नव्हतं.

घरी येऊन ही मला म्हणाली, "आई, यंदा मास्तर थंडीतून वाचत नाहीत बघा." आणि भांडी घासायला लागली. रडली नाही. रडायलाही अंगात काही उरावं लागतं.

तेवढ्यात ड्रायव्हरचं पोट दुखायला लागलं, ऑपरेशन करायचं ठरलं. शनिवारी मैदानात आला तो पोट धरूनच. मला वाटलं गाठोडं माझ्याकडे देईल. तर हा सरळ मास्तरांपुढे गेला. "मास्तर, हे तुमच्याकडे देतो. आत माझा कोट आहे, त्याचं अस्तर फाटलंय. शिवून ठेवा. बरा झालो की घेईन."

मास्तरांनी गाठोड्याकडे बघितलं. मग टेप काढली आणि ड्रायव्हरच्या खांद्याचं माप घेतलं. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात देतो."

"टेलरचा पुढचा आठवडा!" ड्रायव्हर पोट धरून हसला. "म्हणजे मी म्हातारा होणार!"

त्या दिवशी मास्तर दोन्ही बाजूंनी आडवे पडले. डावीकडे पडले, उजवीकडे पडले, कोपरं सोलवटली. एक गोल होऊ दिला नाही. कुणी हसलं नाही त्या दिवशी.

मास्तरांनी माझ्याकडून सुईदोरा मागून नेला. पुलाखाली बसून अस्तर शिवलं. ड्रायव्हरला दवाखान्यातून सोडलं ते थेट निवाऱ्यात. तुझी आई म्हणाली, "मास्तर, द्या, मी पोचवते कोट." झालं, मास्तर चिडले. "गिऱ्हाइकाचा माल गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा असतो, सिस्टर." ही माझ्याकडे बघायला लागली, मी हिच्याकडे. म्हणजे मास्तर आपल्या पायांनी निवाऱ्यात जाणार!

संध्याकाळी निघालो. मास्तर पुढे, दोन गाठोडी घेऊन, खोकत. मागे आम्ही. बोचरं वारं सुटलेलं. दारात साहेब उभे. "सामान कुलपाच्या खोलीत."

"सामान नाही. डिलिव्हरी आहे," मास्तर म्हणाले.

साहेबांनी तुझ्या आईकडे बघितलं. ही वाद घालेल असं त्यांना वाटलं असेल. पण ही तिथल्या बाकावर जी बसली, ती बसलीच. शेवटी साहेबच म्हणाले, "खाटेजवळ नको. इथे आतल्या दाराशी ठेवा. सकाळी सगळं गरम मशीनमध्ये घालीन, ढेकूण मरायला, तुमच्यासमोर."

मास्तरांनी दाराच्या एका बाजूला एक ठेवलं, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि मधे उभे राहिले. सवयच ती!

ड्रायव्हर हळूहळू चालत आला. कोट घातला. हात वर केले, खाली केले. म्हणाला, "बगलेत बघू द्या." मग, "खिसा बघू." मग गाठोड्यातली एकेक वस्तू काढून बघत बसला, वाटी, चमचा, जुना फोटो. एरवी घाईचा माणूस, पण त्या दिवशी गोगलगाय झाला होता. मास्तर उभे, मग भिंतीला टेकले, मग खाली बसले. हिटरची ऊब होती. ड्रायव्हर कंगव्यापाशी पोचला तोवर मास्तरांचा डोळा लागला होता. मी बघते तर बाकावर तुझी आईही झोपलेली, तोंड उघडं टाकून.

सकाळी कपडे गरम करून झाले आणि मास्तर गाठोडं उचलून चालते झाले. खाटेला पाठ लावलीच नाही. पण जाताना ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, बटण तुटलंय." मी स्वतः बघितलं, त्याने ते हाताने ओढून तोडलं होतं.

"उद्या देतो," मास्तर म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. वेळेवर येणारा टेलर जगात मी एकच पाहिला. मग काय, रोज कुणाचं तरी काहीतरी तुटायला लागलं. थंडी अशी निवाऱ्याच्या दाराशी बसूनच गेली. खाटेवर झोपायला पार उन्हाळा उजाडला, आणि मग मधेच पंधरवडाभर कुठे गेले कुणास ठाऊक. आले परत. गाठोडं आहेच पाठीवर, आवाजही आहेत. बरे झाले असं मी लिहायला सांगणार नाही.

आज शनिवार ना? तुझी आई पाळीवरून येऊन बूट न काढताच आडवी झालीय. उठव तिला. नको, थांब. झोपू दे थोडी. मीच पुढे होते, बाकावर कुणीतरी बसायला हवं.