आतोबा आणि उलटं फूल

देवाने घडवलेली एकही गोष्ट आमच्या आतोबांना आजवर गुण्यात बसलेली दिसलेली नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे मिस्टर, कर्जतचे सुतार. आणि गुण्या म्हणजे काटकोन तपासायची ती पट्टी, जी ते लग्नाकार्यातही खिशात बाळगतात. माझ्या ताईच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत ओरडले, "भटजी, पाट सरकवा! नवरी तिरकी हाय." माथेरानला नेलं तर म्हणे, "डोंगराला नीट रंधा नाय मारलेला." डॉक्टरकडे कंबर दाखवायला गेले आणि त्यांच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय ठीक करून आले, कंबर आहे तशीच. मी सगळ्या गावाच्या नकला करतो, पण आतोबांची करायला लागलो की ते समोरून स्वतःच सांगतात, "ए नकल्या, मान आणखी वाकडी कर रं."

खालापूरकडे एक रशियन वळणाचा जुना बंगला आहे. डोक्यावर कांद्यासारखा घुमट, छपराला चहूबाजूंनी लाकडी फुलांची झालर. ती झालर आतोबांच्या वडिलांनी कोरलेली. सगळी फुलं सुलटी, पाकळ्या वर; एकच मुद्दाम उलटं, घराला दृष्ट लागू नये म्हणून. पडीक बंगला दुरुस्त करून पाहायला खुला केलाय, हे कळल्यापासून आतोबांचं एकच पालुपद. "बाबांचं उलटं फूल ठेवलं असंल का रं? शिकलेल्या लोकांना चूक दिसली की हात शिवशिवतात." वडिलांचा साधा फोटोही नाही त्यांच्याकडे. होतं ते एवढं फूलच.

शेवटी मीच त्यांना स्कूटरवर घालून नेलं. रस्त्याला एकदाही नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मी घाबरलो. फाटकातून मान वर करून बघतो तर काय, सगळीच फुलं उलटी! एकूण एक!

बंगला दाखवणारी मुलगी कौतुकाने सांगत होती, "जुनी झालर सडली होती, काका. मागच्या पडवीवरचं एकच फूल शाबूत मिळालं. त्यावरून बाकीची हुबेहूब केली. पाकळ्या खाली, ही खास रशियन पद्धत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतोबांनी माझा दंड दाबला.

"बरोबर हाय, पोरी. अशीच असतात."

मग आम्ही मागच्या पडवीत त्या जुन्या फुलाखाली जाऊन उभे राहिलो. गुण्या खिशातच राहिला.

"अहो आतोबा, आता दृष्ट लागेल की," मी कुजबुजलो. "एखादं तरी सुलटं करायला सांगू?"

"राहू दे रं. बाबांनी एकच चुकवलं व्हतं. बघ, समदं घर त्यांच्या बाजूनं झालंय."

आणि मान वाकडी करून ते हसले. ते हसू मी आरशासमोर कितीदा करून पाहिलं. माझ्याच्याने होत नाही.