बाईचं इंग्रजी

"ए बाई, इधर मत बैठो. पीछे से आओ और कप उठाओ."

क्लबच्या सेक्रेटरी मॅडम माह्या आईले असं म्हणाल्या. आई तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या खुर्चीवर बसून राह्यली होती. अर्धी बसलेली, अर्धी उभी. इस्तरी केलेली साडी, पदराले पिन. तिनं माह्याकडं पाह्यलं. मी स्टेजपाशी माईक धरून उभी होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढ्यावर.

मी मान खाली घातली.

घरात बोलते तसंच लिहून राह्यली हे. शुद्ध लिहाले मले येते. पण शुद्ध लिहिलं तर त्याच्यात बी मी लपून जाईन. माहं मले माहीत आहे.

आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा छत्तीसगडात भिलाईच्या पोलाद प्लांटमधे ठेकेदाराच्या हाताखाली लागले आणि आम्ही तिथल्या कोहका वस्तीचे झालो. आमच्या घरात आईले बाई म्हणतात. आजीले बी माहे बाबा बाईच म्हणत. पण भिलाईत हिंदी चालते, आणि हिंदीत बाई म्हणजे झाडूपोछावाली. शाळेत एकदा मी गेटवरून "बाई" अशी हाक मारली तर पोरी म्हणाल्या, "तेरी बाई टिफिन लेके आई है." तवापासून घरी बाई, बाहेर मम्मी. इतकी वर्षं कधी चूक झाली नाई.

मी प्रायव्हेट शाळेत इंग्रजी शिकवते. बाहेरदेशच्या काही महिला नेत्या येणार होत्या, कोणी महापौर, कोणी युनियनवाली. प्लांटच्या साहेब लोकांच्या सेक्टरमधल्या एका बड्या महिला क्लबनं त्यांच्यासाठी मैत्री मेळावा ठेवला आणि मले दुभाषी म्हणून बोलावलं. आमाले वस्तीतली एक तरी नेता भेटवा, असं पाहुण्यांनीच कळवलं होतं. मी आमच्या मोहल्ल्यातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षाचं नाव दिलं. ते माह्या आईचं नाव. पण आई आहे, हे काही सांगतलं नाई. कावून? वशिला वाटला असता, असं मी स्वतःले समजावलं. खोटं. सेक्रेटरी मॅडम माह्या इंग्रजीचं कौतुक करत, "तुम तो बिलकुल हमारे जैसी हो" म्हणत, आणि मले ते गोड लागे.

बाईनं आठ दिवस तयारी केली. शाळेपाशी दारूभट्टी होती, ती हटवाले मोहल्ल्यातल्या बाया उन्हात बसल्या, आणि त्यांच्यात पुढं बाई. तिले पाहुण्यांले एकच इचारायचं होतं. तुमच्याकडं बाया अशा बसल्या तर त्यांले पह्यले कोण उठवते, पोलीस का घरचे? पोळ्या करता करता ती हेच घोकत होती. "नीट इंग्रजी कर बरं," म्हणे, "माहं हसू नोको करू."

त्या दिवशी ती ऑटोतून उतरली आणि मी पायरीवरूनच वरडली, "बाई, इकडं ये वं!" खुशीत निघून गेलं तोंडातून. सेक्रेटरी मॅडम बाजूलेच होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्या हिशेबानं अर्थ लावून टाकला.

केनियाहून आलेल्या ग्रेस बी बाजूले होत्या, तिकडच्या एका गावच्या नगराध्यक्षा. धिप्पाड, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांनी मले इचारलं, "कोण आल्या?"

मी म्हटलं, "वन ऑफ द लोकल वुमेन."

हे मीच बोलली. कोणी मले चिमटा नोहता घेतला.

मंग आत मॅडमनं खुर्चीवरून उठवलं तसा बाईनं ट्रे उचलला. भांडली नाई. दारूवाल्याच्या गाडीपुढं आडवी होणारी माही बाई पोरीच्या कामात इघ्न नको म्हणून चुपचाप कप गोळा करून राह्यली होती. आणि तिच्यासमोरच सेक्रेटरी मॅडम मले म्हणाल्या, "तुम्हारी वो बस्ती वाली नेता अब तक नहीं आई? इन लोगों को टाइम का होश ही नहीं."

ग्रेस म्हणाल्या, "काय म्हणतात?"

मी इंग्रजीत सांगतलं, "रस्त्यात गर्दी आहे म्हणून वस्तीतल्या नेत्या अडकल्या."

अव माय! किती सफाईनं सांगतलं मी ते.

ग्रेसनं बाईच्या हातून चहा घेतला आणि मले इचारलं, यांले काय म्हणायचं? मी म्हटलं, बाई. ग्रेस म्हणाल्या, आमच्याकडं मोठ्या बाईले मानानं 'मामा' म्हणतात, म्हणजे आई, तसंच असन. त्यांनी हात जोडले. "थँक यू, बाई." सगळ्या जणींनी त्यांच्या उच्चारासाठी टाळ्या वाजवल्या.

पुढं ग्रेस भाषणाले उभ्या राह्यल्या तर पह्यलंच वाक्य, "नमस्ते, प्रेसिडेंट बाई!"

क्लबच्या अध्यक्ष मॅडमचं तोंड पाहण्यासारखं झालं. मागं कोणी तरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरी माह्या कानाशी आल्या. "बताओ इनको, बाई नौकरानी को बोलते हैं. अभी बताओ."

माईक माह्याच हातात होता. बाई दाराशी ट्रे घेऊन उभी. हिंदी तिले सगळी समजते. ती माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. पोरगी आता काय सांगते, एवढंच तिले पाहायचं होतं. नोकरीची, नावाची, सगळ्याची भीती वाटली. आणि त्याच्याहून जास्त माही मलेच किळस आली.

"नहीं बताऊँगी," मी म्हटलं. माईकवरच.

मंग इंग्रजीत बोलली. "बाई म्हणजे माही आई. त्या दारात ट्रे घेऊन उभ्या आहेत, त्या. तुम्ही ज्या नेत्याची वाट पाहून राह्यल्या, त्या ह्याच. त्या येळेवर आल्या होत्या. त्यांले कामाले लावलं."

अध्यक्ष मॅडम उठल्या, "अरे, पहले क्यों नहीं बताया? कुर्सी लाओ. फोटो वाले को बुलाओ." खुर्ची आली. बाईनं त्या खुर्चीवर ट्रे ठेवला आणि ती बाहेर निघाली.

ग्रेस भाषण टाकून तिच्या मागं गेल्या, मी त्यांच्या मागं. गेटपाशी त्यांनी बाईचा हात धरला. मले म्हणाल्या, त्यांले काय वाटते ते इचारा.

बाई म्हणाली, "सांग तिले. माह्या पोरीनं मले ओळख दिली नाई."

"बाई वं..."

"इंग्रजीत सांग. जसंच्या तसं."

दुभाष्यानं समोरच्याचं 'मी' आपल्या तोंडून बोलायचं असते. मी बोलली. "माह्या पोरीनं मले ओळख दिली नाई." ग्रेसनं माह्याकडं पाह्यलं. मंग बाईनं तिचा सवाल इचारला आणि दोघी तिथंच गेटपाशी भट्ट्यांचं, पोलिसांचं, घरच्यांचं बोलत राह्यल्या. मी मधात. माह्याशी मात्र बाई एक शब्द बोलली नाई.

अजून बी पह्यल्यासारखी बोलत नाई. मी माफी मागितली नाई. मागितली तर ती लगेच देऊन टाकन, आई आहे. मले अशी फुकट सुटका नाई पाहिजे.

क्लबातून परत फोन आला, पुढच्या मेळाव्यासाठी. थोडं सांभाळून बोलाल तर या, म्हणे. मी म्हटलं, येईन, पण सांभाळून नाई. आता जो जे बोलन ते मी तसंच सांगीन. शिवी असन तर शिवीच सांगीन, मंग ती कोणाच्या बी तोंडची असो. माह्या बी.