दोह्याच्या अंगणातला बदाम

वडील वेंगुर्ल्याकडे दुसऱ्याच्या वाडीत माडांना शिंपणं करत. आमचं झोपडंही त्याच वाडीत, मालकाच्या जागेत. दारात तुळस चाले, अळू चाले. झाड लावायची मुभा नव्हती. झाड वाढलं की कूळ जागेवर हक्क सांगतं, ही मालकाची भीती. पावसाळ्यात गळणाऱ्या त्या झोपड्यातून मी बी.एस्सी. झालो. घरातला पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

सत्तरचं दशक सरता सरता कतारला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. दोह्याच्या अल सद्द भागात कंपनीचं घर मिळालं: दोन खोल्या, उंच भिंत, पत्र्याचं फाटक आणि तव्यासारखं अंगण. मी पहाटे बसनं जायचो, परतेपर्यंत अंगात त्राण उरायचं नाही. बायको दोन पोरांना घेऊन दिवसभर आत. एसीच्या घरघरीनं तिचं डोकं उठायचं. बाहेर बसावं तर सावलीचं नाव नाही.

गावाहून तिनं देशी बदामाच्या बिया आणल्या होत्या. दूध पावडरच्या डब्यात रोप तयार केलं, मग पहारीनं खड्डा खणून अंगणात लावलं. शेजारी नाशिकचे इंजिनियर. ते म्हणाले, "वहिनी, पलीकडच्या इंग्रज साहेबानं ओक लावला होता. ही एवढी पानं! मे महिन्यात पापड झाला त्याचा. इथं खजूर लावा, खलास!"

अंगणातल्या नळाला खारं पाणी. पानांच्या कडा करपायला लागल्या. का करपतात ते मला कळत होतं, पण गोडं पाणी टँकरनं यायचं, तेही पिण्यापुरतं. त्यात उन्हाळ्यात सगळ्यांसारखे आम्ही सुट्टीला गावी गेलो. परत आलो तर खड्ड्यात काटकी. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

तिसऱ्या रोपाच्या वेळी ती म्हणाली, "या उन्हाळ्यात मी माहेरी जात नाही."

"अगं, आई वाट बघत असेल तुझी."

"बघू दे. हेही मेलं तर पोरांना घेऊन कायमचीच जाते. मग तू राहा एसीत."

ती दमली होती. मीही. भांडायचीही ताकद नव्हती.

मग एकदा तिच्याच लक्षात आलं, की खिडकीखाली एसीचं पाणी ठिबकतं तेवढ्याच जागी गवत हिरवं आहे. हवेतलं पाणी ते, त्यात मीठ कुठलं! तिनं तिथं तुपाचा रिकामा डबा ठेवला. ऑगस्टच्या दमट हवेत डबा भराभर भरायचा. ती ओतायची, पुन्हा ठेवायची. रोपाभोवती तिनं जुन्या साडीचा आडोसा बांधला.

शेजारी भिंतीवरून डोकावले. "काय वहिनी, झाडाला एसी लावलात म्हणे?"

"लावलाय. बिल तुमच्याकडे येतंय का भाऊजी?"

त्या सुट्टीत आम्ही कुठेच गेलो नाही. पोरं कंटाळून रडायची, मी कामावरून येऊन नुसता पडायचो. उन्हाळा संपला तेव्हा रोपाला तळहाताहून मोठी नवी पानं होती. पुढचे दोन उन्हाळेही आम्ही तिथंच काढले.

काही वर्षांत बदाम भिंतीच्या वर गेला. त्याच्याखाली एक बाज आणि दोन खुर्च्या मावत. बायको माहेरी गेली ती सुट्टीपुरतीच, आणि दर वेळी परत आली. नोकरी संपेपर्यंत आम्ही चौघं त्याच घरात एकत्र राहिलो.