ब्रेकला दोन थेंब तेल

“मॅडम, ब्रेक पॅडला खोबरेल चालेल का, की सायकलचंच तेल पाहिजे?”

शर्वरीने हे इतक्या सहज विचारलं की ‘घरात जे असेल ते लाव’ असं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मग प्रश्न कानातून डोक्यात पोचला आणि मी खुर्चीतून उठले. आमच्या ऑफिसात माणसं फक्त जेवायला आणि घरी जायला उठत. त्यामुळे आजूबाजूच्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं.

“कशाला तेल?”

“ब्रेक पॅडला. आवाज येऊ नये म्हणून. वाचकांनी कमेंटमध्ये विचारलंय, कुठलं तेल ते.”

“कुठल्या वाचकांनी?”

“आपल्याच. आपलाच लेख आहे ना, मॅडम. सर्चमध्ये टॉपवर आहे तो.”

तिच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

माझं निम्मं आयुष्य नारायण पेठेतल्या एका प्रकाशकाकडे इंग्रजी गाइडांची प्रुफं तपासण्यात गेलं. गाइडं खपेनाशी झाली तेव्हा मी बाणेरच्या एका कंटेंट कंपनीत एडिटर म्हणून लागले. या गोष्टीच्या वेळी मला तिथे जेमतेम दोन महिने झाले होते. कंटेंट कंपनी काय करते, हे मी माझ्या भावजयीला अजून समजावते आहे. तुम्हाला एकदाच सांगते. परदेशात कुणाची तरी वेबसाइट असते. कुणाची गाद्यांची, कुणाची कुत्र्यांच्या खाण्याची, कुणाची सायकलींची. त्या साइटवर ‘चांगली सीट कशी निवडावी’, ‘ब्रेक वाजत असेल तर काय करावं’ असे लेख लागतात. वाचक लेख वाचतो, शेजारच्या जाहिरातीवर बोट ठेवतो, सामान विकत घेतो आणि साइटवाल्याला कमिशन मिळतं. ते लेख बाणेरात बसून लिहिले जातात.

सायकलींच्या लेखांखाली ‘मार्क’ अशी सही असे. मार्कला दाढी होती. उन्हाने रापलेला चेहरा होता. त्याने म्हणे अर्धं आयुष्य डोंगरांत सायकल मारण्यात घालवलं होतं. फोटो विकत आणलेला होता आणि मार्क म्हणजे आमची शर्वरी होती. शर्वरी वाकडहून स्कूटरवर यायची. तिला सायकल चालवता येत नव्हती. माझं काम मार्कचं व्याकरण सुधारण्याचं होतं. मार्कला सायकल येते का, हे तपासायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

“हे तू घेतलंस कुठून?” मी शर्वरीला विचारलं.

“मॅडम, तीन सोर्स आहेत.” ती जरा दुखावली. “मी काही मनाने नाही लिहिलं.”

तीन सोर्स हा आमच्याकडचा कायदा. लेखातली कुठलीही माहिती इंटरनेटवर आणखी तीन ठिकाणी सापडली की ती खरी. चौथ्या ठिकाणी बघायचं नाही, कारण वेळ नसतो. शर्वरीने तीन पानं उघडून दाखवली. तिन्हीकडे तोच सल्ला होता. प्रत्येक पॅडवर दोन थेंब तेल टाका, फडक्याने हलकेच पसरवा, आणि तुमची सायकल गालिच्यावरून चालणाऱ्या मांजरीसारखी गुपचूप धावेल.

आता, एका गाइडवाल्याने दुसऱ्याचं गाइड ढापलं तर ते कसं ओळखायचं, यात माझी हयात गेलेली. उत्तरं सगळ्यांची सारखी असू शकतात. पण मांजर?

“शर्वरी, ही मांजर कुणाची?”

तिने तिन्ही पानं पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाली, “माझी आहे, मॅडम.”

“म्हणजे?”

“म्हणजे गालिचा आणि मांजर मीच घातली होती. लेख जरा कोरडा वाटत होता म्हणून.”

“आणि मग या तीन साइट्सवर ती गेली कशी?”

“त्यांनी आपल्यावरून घेतलं असेल.”

“अगं, मग तू कुणावरून घेतलंस?”

“आधी एकच सोर्स होता. बाकीचे नंतर मिळाले.”

नंतर मिळाले! आम्ही लिहायचं, त्यांनी ते उचलायचं आणि आम्ही त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायचं, बघा, सगळे हेच म्हणतात. असं स्वच्छ, बिनतोड वर्तुळ मी गाइडांच्या धंद्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

तिचा पहिला सोर्सही आम्ही शोधून काढला. परदेशातल्या कुणा सायकल दुरुस्तीवाल्याचं साधं पान होतं. त्याने लिहिलं होतं की हँडलवरची ब्रेकची दांडी जिथे हलते, त्या सांध्याला थेंबभर तेल द्या. पॅडला आणि डिस्कला मात्र चुकूनही लागू देऊ नका. शर्वरीला तो मजकूर निम्म्या शब्दांत बसवायचा होता. तिने निम्मा कापला. कुठला निम्मा, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

ज्यांना नव्या सायकली माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. चाकाच्या मध्याशी स्टीलची एक पातळ तबकडी असते, ती डिस्क. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन छोटे पॅड तिला चिमटीत धरतात. त्या घासण्यावर चाक थांबतं, दुसरं काही नाही. तिथे तेल लावणं म्हणजे साबणाच्या हातांनी विहिरीचा दोर धरणं. वर ते पॅड तेल पिऊन बसतात. मग पुसा, धुवा, काही करा, ते टाकूनच द्यावे लागतात.

हे मी शर्वरीला सांगत होते आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, लेख चुकला म्हणून. पण तिने एकदम माझा हात धरला.

“मॅडम, निखिल सरांनी काल संध्याकाळी सगळ्या सायकलींना लावलंय.”

निखिल म्हणजे आमच्या कंपनीचा मालक. चाळिशीचा, अमेरिकेत राहून आलेला, स्वभावाने उमदा. क्लायंटने, म्हणजे सायकलींच्या साइटवाल्याने, तक्रार केली होती की साइटवर खऱ्या माणसांचे, खऱ्या सायकलींवरचे फोटो नाहीत. निखिलने लगेच सहा सायकली जमवल्या. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, ऑफिसातली पाच माणसं आणि निखिलची बायको केतकी खडकवासल्यावरून सिंहगडावर सायकलने चढणार होती. आणि उतरणार होती. सिंहगडाच्या रस्त्यावर वर जाताना जीपसुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हत जाते. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि वळण संपलं असं वाटेपर्यंत पुढचं वळण.

मी निखिलच्या केबिनमध्ये न ठोठावता शिरले.

“निखिल, उद्याची राइड रद्द करा.”

“का? पाऊस आहे?”

“ब्रेक नाहीत.”

“अहो मॅडम, हायड्रॉलिक डिस्क आहेत. टॉप एंड.”

“होते. तुम्ही तेल लावलंत.”

“हां, ते!” तो खूश झाला. “किती किंचाळत होते माहितीये? आता बघा, आवाज नाही. केतकी तर म्हणाली, जादू केलीस.”

“तुम्हाला कुणी सांगितलं तेल लावायला?”

“आपल्याच साइटवर आहे की. मार्कचा लेख.”

मी नाटकात कामं केलेली बाई आहे. कुठे थांबावं हे मला कळतं. मी थांबले. मग म्हणाले, “निखिल, मार्क बाहेर बसलीये. डबा आणलाय. तिच्या डब्यात भेंडी आहे.”

“ते मला माहितीये हो.” तो जराही डगमगला नाही. “मार्क मीच तयार केला. पण लेख टॉपवर आहे ना? चुकीचा असता तर टॉपवर गेला असता का?”

मी आ वासला. आपण स्वतः रचलेल्या माणसाने, आपल्याच पगारी लेखिकेच्या हातून लिहिलेला सल्ला वाचून हा गृहस्थ आपल्या बायकोला घाटात उतरवणार होता. आणि हे सगळं ठाऊक असून!

“आणि मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण तुम्ही स्वतः सायकल चालवता का?”

पुण्यात माझ्या वयाच्या बाईला हे विचारतात? आम्ही कॉलेजात होतो तेव्हा लक्ष्मी रोडवर रस्ता ओलांडायचा म्हणजे सायकलींच्या लोंढ्यात उडी घ्यावी लागे. लेडीज सायकलवर मी पुस्तकं नेली, दळण नेलं, धाकट्या बहिणीला नेलं. एकदा ब्रेकचं रबर पडलं तेव्हा लकडी पुलावरून चपला घासत उतरले आहे. चपलांचे तळ गेले, मी राहिले.

“खाली चला,” मी म्हणाले. “पार्किंगमध्ये. सपाटीवर. एकदाच थांबवून दाखवा, मग मी तुमच्या राइडला हिरवा झेंडा दाखवायला येते.”

तो हसत आला. मागून शर्वरी आली आणि तिच्यामागे निम्मं ऑफिस. बेसमेंटमध्ये सहा सायकली ओळीने उभ्या होत्या, नव्याकोऱ्या, नवरीसारख्या. निखिलने आपली काढली. मी त्याला लांबचा एक खांब दाखवला. तिथे थांबायचं. त्याच्या बऱ्याच पुढे भिंतीला लागून कचऱ्याचे मोठे डबे होते आणि त्यांच्याजवळ आमचे सिक्युरिटीचे गायकवाड खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांना हाताने खूण केली. गायकवाड शहाणे, उठून बाजूला झाले. खुर्ची तिथेच राहिली.

निखिलने चार जोरदार पायडल मारली. खांब जवळ आला. त्याने दोन्ही ब्रेक दाबलेले मला स्पष्ट दिसले, बोटं पांढरी होईपर्यंत.

आणि सायकल गेली. काहीही न म्हणता गेली. मार्क एवढं मात्र खरं बोलला होता, आवाज अजिबात नव्हता. निखिल खांबापासून तसाच ताठ बसून, विमानातल्या प्रवाशासारखा, पुढे निघून गेला. आधी गायकवाडांची खुर्ची आडवी झाली. मग ओल्या कचऱ्याचा डबा. मग निखिल.

पहिल्यांदा गायकवाड बोलले.

“सायेब, सायकल लावायची जागा तिकडं हाय.”

कुणी हसलं नाही. निखिलचा कोपर सोलून निघाला होता, बाकी धडधाकट होता. तो उठला, कपाळावरचं केळ्याचं साल काढलं आणि दुसऱ्या सायकलीपाशी गेला. मी तिचं पुढचं चाक उचलून धरलं. त्याने एका हाताने ब्रेक दाबला, दुसऱ्या हाताने चाक फिरवलं. चाक फिरलं. तिसरीचंही तसंच. अशा सगळ्या तपासून झाल्या. शेवटची छोट्या फ्रेमची होती, केतकीची. तिचं चाक त्याने हलकेच ढकललं तरी गरगरत राहिलं. तो ते थांबेपर्यंत बघत होता.

“मॅडम,” तो म्हणाला, “ती उतारावर सगळ्यांच्या पुढे असते. तिला वेग आवडतो.”

मी केतकीची सायकल परत ओळीत लावली.

वर आलो. राइड रद्द झाली, लेख काढला. पण त्याखालच्या कमेंट मी आता पहिल्यांदा नीट वाचल्या. माणसं आभार मानत होती. आवाज गेला, थँक यू मार्क. एकाने लिहिलं होतं, मुलीच्या सायकलला लावलंय, रविवारी टेकडीवर नेतो. शर्वरी जेवण तसंच टाकून बसली आणि एकेकाला मार्कच्या नावाने उत्तरं लिहू लागली. सायकल चालवू नका, पॅड बदला, माझी चूक झाली. मुलीच्या बापाचं उत्तर येईपर्यंत ती जागची हलली नाही. ते आलं. दुकानात नेतो, म्हणाला. मग ती बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

त्या तीन साइट्सनाही आम्ही कळवलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने नम्रपणे लिहिलं की आपण हा सल्ला नामांकित साइटवरून घेतला आहे. खाली आमच्याच पानाचा पत्ता दिला होता.

मग क्लायंटचा फोन आला. टॉपवरचा लेख काढला का? निखिलने सुधारलेला लेख पाठवला. क्लायंट म्हणाला, हे तर बाकीच्या साइट्सशी जुळत नाही, जुनंच परत टाका. निखिलचा कोपर बँडेजमध्ये होता. तो म्हणाला, “मी स्वतः टेस्ट केलंय.” तिकडून विचारलं, कुठे? निखिल म्हणाला, “पार्किंगमध्ये.” क्लायंटला ते पुरेसं वाटलं नाही. निखिलने जुना लेख परत टाकला नाही. सायकलींचं काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. शर्वरीला आम्ही गाद्यांवर घातलं. गादीवर बसून कुणी घाट उतरत नाही, असं निखिल मला म्हणाला, आणि माझ्या मते धंद्याबद्दलचं त्याचं ते सर्वांत शहाणं वाक्य होतं.

सिंहगड मात्र झाला. सगळे पॅड दुकानातून बदलून घेतल्यावर, फोटोबिटो कुणाला नको असताना. मी जीपने वर गेले आणि मडक्यातलं दही खाल्लं. उतरताना आमची जीप त्यांच्यामागून होती. सहाही सायकलींचे नवे पॅड प्रत्येक वळणावर असे केकाटत होते की वर येणारे लोक दचकून बाजूला होत होते. केतकी सगळ्यांत पुढे होती आणि तिची सायकल सगळ्यांत जास्त ओरडत होती. ब्रेक ओरडायला लागला तर दुकानात दाखवा, जमलं तर आजच. पण तोवर ओरडू द्या. ओरडणारा ब्रेक निदान कामावर असतो.